हाकेला ओ

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार
वाटूर

काल दसरा झाला. आज ह्यांनी माळ्यावरून राहुटी खाली काढली आणि अंगणात पसरली. शाळेत हे स्काऊटचे मास्तर होते, जूनमध्ये निवृत्त झाले. शाळेने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा ही राहुटी ह्यांनी घरी आणली. मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन माणसांच्या घरात राहुटी कशाला, कडबा झाकायचाय का. त्यावर उत्तर आलं नाही. आजकाल येतच नाही.

राहुटी उंदरांनी दोन ठिकाणी खाल्लीय. मी दाभण आणि सुतळी घेऊन बसले, ज्वारीच्या रिकाम्या पोत्याची ठिगळं लावली. नवं कापड कशाला वाया घालवा. शिवता शिवता मला सांगण्यात आलं की शनिवारी मेळघाटात जायचंय, संपत जीप घेऊन येतोय. विचारलं नाही, सांगितलं. संपत म्हणजे ह्यांच्या बहिणीचा मुलगा, परतूर-वाटूर शिटा भरतो. तो, त्याची बायको बेबीनंदा आणि आम्ही दोघं. चार दिवस राहुटीत राहायचं.

लग्नाआधी हे एकदा पोरांचा कॅम्प घेऊन तिकडे सेमाडोहला गेले होते. आता ते सगळं व्याघ्र प्रकल्पात गेलंय. तिथल्या ओढ्यावर पहाटे एक काळा पक्षी शीळ घालतो म्हणे, एखादं पोरगं शाळेच्या वाटेने घालतं अगदी तशी. ती पुन्हा ऐकायची आहे. एका पाखरापायी इतकं डिझेल.

मी म्हटलं, "दिवाळी तोंडावर आलीय. फराळाचं कोण बघणार?"

हे म्हणाले, "हो, दोन किलो पुरतील."

कशाचे दोन किलो ते त्यांनाच ठाऊक. माझं बोलणं कानामागं टाकायचं आणि वर चेष्टा करायची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ह्यांनी ट्रंकेतून स्काऊटची शिट्टी काढली. पितळेची आहे, सगळी नोकरी गळ्यात होती. अंगणात उभं राहून फुंकली तर समोरच्या द्वारकाबाईंचं वासरू दावं तोडायला लागलं. ह्यांनी शिट्टी हलवून पाहिली, पुन्हा फुंकली. काडीने आतला मणी कोरला, पुन्हा फुंकली. मग म्हणाले, "बिलकुल वाजत न्हाई. खराब झाली." आणि उकिरड्यावर फेकून दिली.

ते आत गेल्यावर मी ती उचलली, चिंचेने घासली आणि चंचीत ठेवली. वासरू उधळलंय आणि म्हणे वाजत नाही. चांगली वस्तू टाकून द्यायची सवय ह्या माणसाला कधीपासून लागली?

१५ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

दूध आटवलं, चंद्राला दाखवलं. उद्या पहाटेपासून मारुतीच्या देवळात काकडा सुरू. इतकी वर्षं काकड्याला मृदंग ह्यांचाच. मागच्या वर्षी मधूनच सोडलं. म्हणाले, टाळकऱ्यांचे हात सैल पडलेत, टाळ वाजतच नाहीत, कशाला धरू ठेका. यंदा मृदंगाची खोळसुद्धा काढली नाही. आज ओट्यावर द्वारकाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मास्तरांचा देवावरचा जीव उडाला का काय?" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन देवापुढे बसले तेव्हा हसू आलं नाही.

देवावरचा उडाला तो माझ्यावर कशाला राहील?

इथं खरं ते लिहिते. दीड वर्ष झालं, हे माझ्या हाकेला ओ देत नाहीत. मी चुलीपाशी, हे ओसरीत. "अहो" म्हणते, एकदा, दोनदा. पेपर खाली होत नाही. जेवायला वाढलंय म्हणून सांगायला समोर जाऊन उभं राहावं लागतं, एखाद्या शिपायासारखं. दोन माणसांच्या घरात एक ओ देत नसेल तर दुसरं माणूस एकटंच की. कौसल्या, आमची लेक, अंबडला दिलेली. दसऱ्याला बूथवरून फोन केला तर हे नुसतं हो हो, बरं बरं म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "आई, मी विचारलं काय आणि बाबा बोलले काय. माझ्यावर रागावलेत का?"

चैत्रात माझा समोरचा दात पडला. तेव्हापासून मी बोलायला लागले की हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. आधी वाटलं मिश्री लागलीय, दोनदा चूळ भरून आले. मग समजलं, फट बघतायत. आता बोलताना तोंडावर पदर धरते. म्हातारी झाले हे मला आरशात दिसतं, कुणी डोळ्यांनी सांगायला नको.

आणखी एक. अंघोळ करताना, देवापुढे दिवा लावताना मी चार धामांची नावं घेते. द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर आणि चौथ्याला "उत्तरेचं धाम" म्हणते. त्याचं नाव मला घेता येत नाही, कारण तेच ह्यांचं नाव. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही बायकांनी वाट अडवून धरली म्हणून. आज वाटलं, ज्याचं नाव आपण इतकं जपलं त्याला आपलं "अहो" सुद्धा जड झालं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कंदील, घोंगड्या बांधल्या. संकष्टी वाटेत येतेय म्हणून साबुदाणा वेगळा घेतला.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, फक्त संपतला सांगून ठेवलंय. परत येताना वाटूर फाट्यावर मला जालन्याच्या गाडीत बसवून दे, तिथून मी अंबडला जाईन. कार्तिक महिना कौसल्याकडे काढीन. पुढचं पुढं. संपत डोकं खाजवत म्हणाला, "मामाला ठाव हाय का?" म्हटलं, सांगीन मी.

माझी दोन लुगडी आणि पोथी खालच्या पिशवीत घातली. देवघरातला बाळकृष्ण पितळी डबीत घालून बरोबर घेतला. घर सोडायचं तर त्याला एकट्याला कशाला ठेवा. जमाखर्च आजपर्यंतचा जुळवला. बाकीचं काही जुळत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
शेगाव, भक्तनिवास

मंठा, लोणार, मेहकर, खामगाव करत दिवस मावळता शेगावला आलो. जीपमध्ये पुढे हे आणि संपत, मागे मी आणि बेबीनंदा. तिचं तोंड मंठ्यापासून सुरू झालं ते खामगावला शेंगा घेतल्या तेव्हा जरा थांबलं. राहुटीला दार असतं का, कडी असते का, वाघ आला तर कडी कुठून लावायची. संपत म्हणाला, "तू बोलत राह्य, वाघ कंटाळून जाईल." तिने त्याला पाठीत शेंगांची टरफलं मारली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आमच्यात अशी टरफलं कधी उडाली ते आठवून पाहिलं.

मेहकरच्या अलीकडे संपत म्हणाला, "मामा, चहा घ्यायचा का?" हे म्हणाले, "घे उजवीकडं." संपतने घेतली. पुढे दगडाची खाण निघाली आणि रस्ता संपला. दोघं नवरा-बायको हसून लोळायचे बाकी. हेही हसले, पण उशिरा, आमची तोंडं बघून. संपत म्हणाला, मामाचं ध्यान आत्ताच जंगलात जाऊन बसलंय. माझ्या मनात आलं, जंगलात असो नाही तर कुठं, इथं नाही एवढं खरं.

दर्शन नीट झालं. रांगेत ह्यांच्या पाठीमागेच उभी होते. महाराजांकडे काय मागितलं ते लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार. संकष्टी
सेमाडोह

अकोट, अंजनगाव, परतवाडा. तिथून घाट लागला. आमच्याकडची जमीन पसरट, नजर जाईल तिकडे काळी. इथे जमीन उभी राहिल्यासारखी. सागाची पानं सुपाएवढी, कडेने तांबूस पडत चाललेली, गवत माणसाच्या वर गेलेलं आणि पिकलेल्या गव्हासारखं पिवळं. ऊन असूनही गारवा. बेबीनंदा पहिल्यांदाच गप्प झाली.

वनखात्याच्या विश्रामगृहाच्या आवारात राहुटी ठोकायची परवानगी मिळाली. खाली सिपना नदी, तिला येऊन मिळणारा एक ओढा. ह्यांनी राहुटी उभारली ती बघत राहावी अशी. खुंट्या, दोर, गाठी, काही सांगावं लागलं नाही की विचारावं लागलं नाही. संपत आणि बेबीनंदा जीपमध्ये झोपणार, कारण तिला कडी पाहिजे.

इथला चौकीदार म्हणाला, ओढ्याकडे अस्वल फिरतंय, वारुळं उकरतंय. पण भ्यायचं कारण नाही. अस्वल फार गोंगाट करत चालतं, पाचोळा तुडवत, फुसफुसत. कान उघडे ठेवायचे आणि आवाज आला की मागे फिरायचं. ज्याला आवाज येत नाही त्याच्यावरच ते जाऊन आदळतं. हे त्याच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होते, मान हलवत होते.

चंद्र डोंगरामागून उगवायचा, म्हणून पंचांगातली वेळ टळून गेली तरी दिसेना. बेबीनंदाचा उपास नव्हता तरी ती माझ्यासाठी उपाशी बसली. गुणाची आहे. चंद्र दिसला तेव्हा अर्घ्य दिलं, जेवलो, कंदील मालवून राहुटीत शिरलो.

आत ज्वारीच्या पोत्याचा वास येत होता, घरचा. बाहेर पाण्याचा आवाज. अंधारात बोलणं सोपं जातं, पदरही धरावा लागत नाही. हे जागे होते, कूस बदलत होते. मी सगळं बोलले. म्हटलं, मी कार्तिकात अंबडला जातेय. कदाचित राहीनही. तुम्हाला माझं बोलणं नकोसं झालंय, मला समजतं. मी भांडत नाही. नुसतं एकदा म्हणा, जाऊ नको. तुम्ही म्हणालात तर नाही जाणार.

वाट पाहिली. पाणी वाहत होतं.

थोड्या वेळाने ह्यांनी त्यांची घोंगडी माझ्या अंगावर सरकवली आणि पाठ केली. शब्द एक नाही. म्हणजे जा. पांघरूण घालून वाटेला लावणं म्हणतात ते हेच असावं.

२० ऑक्टोबर, सोमवार
सेमाडोह

अजून उजाडायचं होतं तेव्हा हे उठून ओढ्याकडे गेले. मी नदीवर अंघोळ करून, धामांची नावं घेऊन वर येत होते. ओढ्याच्या तोंडाशी एका खडकावर हे बसलेले दिसले, हात गुडघ्यांवर, मान पुढे. कीर्तनाला बसावं तसे.

आणि तेवढ्यात शीळ आली.

मी जागीच थांबले. माणूसच वाटलं. सुरू होते ती आळसावल्यासारखी, वर चढते, मध्येच विसरते, मग भलत्याच ठिकाणाहून पुन्हा धरते. चाल नसलेली चाल. ह्यांच्या डोक्यावरच्या फांदीतून येत होती. मला एकदम ह्यांच्या तरुणपणाचं वाटलं, मी न पाहिलेलं. डोळे भरले. म्हटलं, आलो ते सार्थकी लागलं. आता चहाला येतील ते सांगतच येतील.

आले. मी कप पुढे केला, विचारलं, ऐकलीत ना? ह्यांनी कपाकडे बघितलं, चहा घेतला. संपतने विचारलं, "काय मामा, भेटला का तुमचा पाव्हणा?" आणि हाताने चोच करून दाखवली. हे म्हणाले, "न्हाई. आज बोलला न्हाई. पाखरं राह्यली न्हाईत आता, पहिल्यासारखी."

 हातातलं भांडं खाली ठेवलं.

डोक्यावर बसून गात होता आणि म्हणे बोलला नाही. मला सांगायचं नसेल तर नको, पण खोटं कशाला? ज्या एका गोष्टीसाठी इथवर आलो तीही माझ्याबरोबर वाटून घ्यायची नाही, इतकं मी काय केलं? दिवसभर चिखलदऱ्याला फिरवून आणलं. दऱ्या बघितल्या, भीमकुंड बघितलं. बेबीनंदाने फोटो काढायला आम्हाला शेजारी उभं केलं. मी पदर धरला होता, फोटोत तोंड येणार नाही.

संध्याकाळी म्हणाले, "उद्या पुन्हा जाईन. एकदा तरी बोललाच पाहिजे." डोळे लाल होते. मी दुसरीकडे बघितलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
सेमाडोह

आजचं आजच लिहून ठेवते.

हे अंधारातच गेले होते. चहा उकळून निवला, दुसरा झाला, ऊन राहुटीवर आलं, तरी पत्ता नाही. कालच्या खडकावर नव्हते. चौकीदार धावत आला. ओढ्याच्या वरच्या अंगाला वारूळ आत्ताच उकरलंय, माती ओली आहे. संपत "मामा, ओ मामा" करत रस्त्याच्या बाजूने वर गेला. चौकीदार काठी घेऊन पलीकडच्या काठाने. बेबीनंदाला जीपमध्ये बसवलं, ती रडायला लागली होती. मी ओढ्यातूनच निघाले, दगडांवरून.

"अहो" म्हणून हाक मारली. वरून संपत म्हणाला, "ओ मामी." पुन्हा मारली. पलीकडून चौकीदार म्हणाला, "हो जी." खालून जीपमधून बेबीनंदा तिच्या नवऱ्याला "अहो, अहो" करत होती, त्यालाही संपतच ओ देत होता. सगळं जंगल ओ द्यायला लागलं. ज्याने द्यायची तो नव्हता.

मग चंचीतली शिट्टी आठवली. छातीत होता नव्हता तेवढा दम घालून फुंकली. वरच्या फांद्यांतून वानरं सैरावैरा पळाली, कुठेतरी सांबर ओरडलं. ह्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, शिट्टी ऐकली की जिथे असाल तिथून उलट शिट्टी द्या किंवा ओरडा. काही आलं नाही. ओढ्याचं पाणी तेवढं.

तेव्हा ते वारूळ दिसलं. माती चहूकडे फेकलेली आणि नख्यांचे ओरखडे, माझ्या बोटांएवढे.  मनात एकच आलं, मी अंबडला जाणार म्हणून देवाने ह्यांनाच आधी नेलं. पदर कमरेला खोचला. देवाची क्षमा मागितली, सौभाग्याला काही होऊ देऊ नको म्हटलं, आणि हाक मारली.

नाव घेऊन.

एवढा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. समोरच्या डोंगराने ते नाव दोनदा परत दिलं, सावकाश, जसं काही त्यालाही पहिल्यांदाच घ्यायचं होतं.

ओढा तिथे वळतो. वळणापलीकडे हे बसले होते. खरोखर हाकेच्या अंतरावर. पाठ माझ्याकडे, हात गुडघ्यांवर. आणि ती शीळ चाललेली, अगदी वर, अगदी जवळ. पक्षी मला दिसलासुद्धा, काळानिळा, ह्यांच्याकडेच तोंड करून. हे मान तिरकी करून रित्या फांदीकडे बघत होते, भलत्याच.

मी तिथेच उभी राहून पुन्हा नाव घेतलं, ह्या वेळी हळू. पक्षी उडाला. हे हलले नाहीत.

दीड वर्षाचं सगळं एकदम समजलं. समजलं म्हणण्यापेक्षा अंगावरून गेलं, थंड पाण्यासारखं. फराळ आणि दोन किलो. शिट्टी. सैल पडलेले टाळ.

पाण्यातून पलीकडे जाऊन मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. हे दचकले. माझे भिजलेले पाय बघितले, चेहरा बघितला. "काय झालं?" म्हणाले.

मी सवयीने पदर तोंडाला लावला. ह्यांनी हात पुढे करून तो बाजूला केला.

"राहू दे," म्हणाले. "मला दिसू दे काय म्हणतेस ते."

मी म्हटलं, "ऐकू येत नाही?"

माझ्या ओठांकडे बघून ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुझं अहो सगळ्यात आधी गेलं. बारीक असतं ना. मंग टाळ गेले. मंग शिट्टी. तोंडाकडं बघून बघून भागवत आल्तो, तर तू पदर धरायला लागलीस. मला वाटलं, तुला कळलं आणि तू बोलणंच तोडून टाकलं."

विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, शाळेत शेवटच्या वर्षी पोरं पाठीमागून नावं ठेवायची आणि समोर आली की नुसते ओठ हलवून चेष्टा करायची. गावात बहिरा मास्तर झालो असतो, तुला बहिऱ्याची बायको म्हणाले असते. पक्ष्याचा आवाज जायच्या आत एकदा ऐकावा म्हणून आलो. पण तोही गेलेला दिसतो.

तेवढ्यात तो परत आला, पलीकडच्या दगडावर बसला आणि लागला गायला. मी बोट दाखवलं. ह्यांनी बघितलं. त्याचा गळा हलताना दिसत होता, चोच उघडी. ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही.

मला शीळ घालता येत नाही, बायकांनी घालूही नये. मी ह्यांचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटाने दाखवायला लागले. आता खाली आहे, आता चढली, थांबली, पुन्हा दुसरीकडून सुरू झाली. मनगटापर्यंत जायची, परत यायची. सगळी जिंदगी ठेका धरलेला हात. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी चुकले की बोट मागे न्यायची.

संपत धापा टाकत आला तेव्हा आम्ही तसेच होतो. त्याने एकदा आमच्याकडे, एकदा वारुळाकडे बघितलं. "मामी, त्या एवढ्या आवाजात कोणाला हाका मारून राह्यल्या व्हत्या? मला वाटलं, यात्रा कंपनीची गाडी लागली घाटात."

मग लक्षात आलं. परवा रात्री मी जे बोलले ते फक्त राहुटीनेच ऐकलं. ह्यांनी घोंगडी दिली ती थंडी होती म्हणून.

२२ ऑक्टोबर, बुधवार
वाटूर

अंजनगाव-अकोटवरून सरळ आलो, शेगावला उतरलो नाही, कळसाला हात जोडले. जीपमध्ये मी पुढे ह्यांच्या शेजारी. संपत काही बोलला की मी ह्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा बोलायची. ओरडायची गरज पडत नाही. जीपचा आवाज, मृदंगाचा, जाड आवाज अजून येतात थोडे. बारीकच गेलेत. बेबीनंदा मागून म्हणाली, "मामी, मामंजींना नुसतं बघून कळतंय, आमच्या ह्यांना ऐकूनबी कळत न्हाई."

फाट्यावर जालन्याची गाडी उभी होती. संपतने जीप तिच्यामागे लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामी, गाडी लागलीय. पिशवी काढू का?"

ह्यांनी मला विचारलं, "काय म्हणतो?"

मी पदर न धरता नीट सांगितलं, "विचारतोय, घरी दूध असंल का चहाला."

संपतने आरशात बघितलं आणि जीप घराकडे घेतली. खालची पिशवी मी स्वतः आत नेली. बाळकृष्ण डबीतून काढून जागेवर बसवला. चार दिवस पूजा नव्हती, देवघरावर धूळ बसली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कार्तिकी पौर्णिमा

आज काकडा संपला. मध्ये बरेच दिवस लिहिणं झालं नाही. दिवाळी झाली, भाऊबीजेनंतर जालन्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. मशीन बसवतील, पण सगळं परत येणार नाही म्हणाले. कौसल्याला सविस्तर कळवलं. ती दोन दिवस येऊन, बाबांपुढे बसून, मनसोक्त बोलून गेली.

ह्यांना घरातून काढायला आठ दिवस लागले. आधी नाहीच म्हणाले. मी मृदंगाची खोळ काढली, कणीक मळली आणि पुढ्यात ठेवली. डाव्या पुडीला कणीक लावल्याशिवाय ह्यांना राहवत नाही, ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच कंदील घेऊन उभे राहिले.

देवळात बायका डाव्या बाजूला बसतात, खांबामागे. मी टाळ घेतले आणि जाऊन ह्यांच्या समोर बसले, पुरुषांच्या रांगेपुढे, जिथून माझे हात दिसतील. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघायला लागले. द्वारकाबाई मागून म्हणाल्या, "बाई, बायकांची जागा इकडं हाय." मी वळून म्हटलं, "द्वारकाबाई, मास्तरांना ऐकू कमी येतं. माझे हात बघून ठेका धरतात. खांबामागं बसले तर माझे हात कसे दिसतील?" सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काय बोलले ते त्यांना समजलं. मान खाली घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मृदंग मांडीवर सरकवला.

ठेका एकदोनदा चुकला. मी टाळ जरा उंच धरले.

आज काल्याचा प्रसाद घेऊन घरी आलो. हे ओसरीत बसून पायांतली माती काढत होते. मी देवापुढे दिवा लावला आणि रोजच्यासारखी धामांची नावं घ्यायला लागले. द्वारका. जगन्नाथपुरी. रामेश्वर. चौथ्याला नेहमीसारखी अडखळले. मग वाटलं, डोंगराला जे ऐकवलं ते देवाला ऐकवायला काय हरकत आहे. ह्यांच्याकडे सहज मान वळली होती.

"बद्रीनाथ," मी म्हटलं.

मी देवाचंच नाव घेत होते. ओसरीतून हे म्हणाले, "ओ."